तांब्याचं सिंक हाताने घडवायचंय? पत्रा निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शेड गोव्यात, डिचोलीत. वडिलांचं आयुष्य समया घासूनपुसून उजळण्यात आणि काजूच्या मोसमात भट्टीवरची भाणं (फेणी गाळायची मोठी तांब्याची भांडी) दुरुस्त करण्यात गेलं. मी वॉशबेसिनं आणि स्वयंपाकघरातली सिंक घडवतो. फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे इथे लिहून ठेवतोय. सिंक ठोकायचं कसं, ते इथे नाही. इथे फक्त पत्रा. पण जोड कसा करणार हे ठरल्याशिवाय पत्रा ठरत नाही, त्यामुळे जोडाची गोष्ट मध्ये मध्ये येत राहील.

१. फार खोलात नको. दुकानात जाऊन नेमकं काय मागू?

"डीएचपी तांबं, सॉफ्ट, १.६ मिमी." एवढं म्हणा. डीएचपी म्हणजे फॉस्फरस घालून आतला ऑक्सिजन काढलेलं तांबं (का, ते प्र. ६ मध्ये), सॉफ्ट म्हणजे कारखान्यातूनच नरम करून आलेलं (प्र. ५), आणि १.६ ही जाडी बहुतेक कामांना पुरते (प्र. ३). समोरच्याने "तांबं ते तांबंच, त्यात काय एवढं" असं उत्तर दिलं तर चहा पिऊन निघा. गोव्यात एवढा जाड पत्रा दुकानात तयार मिळेलच असं नाही. आम्ही बहुधा बेळगाव किंवा मुंबईहून मागवतो. फोनवर ऑर्डर देताना हे तीन शब्द बिलावर लिहून मागा. नंतर वाद झाला तर बिलच बोलतं.

२. व्हिडिओत १४ गेज सांगतात, दुकानदार १६ म्हणतो. खरं कोण?

दोघंही खरे, आणि बहुतेक वेळा दोघं एकाच पत्र्याबद्दल बोलत असतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ पुढे आहे. आपल्या बाजारात ब्रिटिश गेज चालतो, अमेरिकेत तांब्या-पितळेला वेगळा. आपला १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, अमेरिकन १६ गेज म्हणजे जेमतेम १.२९. अमेरिकन १४ मात्र १.६३, म्हणजे आपला १६. व्हिडिओ बघून इथे १४ मागितलात तर २.०३ मिमीचा पत्रा घरी येईल आणि पहिल्याच दिवशी मनगट सुजेल.

तिसरा घोळ औंसचा. अमेरिकेत छपराचं तांबं चौरस फुटाला किती औंस भरतं यावर विकतात, आणि तिथला १६ औंसचा पत्रा फक्त ०.५५ मिमी जाड असतो. एका गिऱ्हाइकाने "१६ चा पत्रा" म्हणून नेमका तोच बाहेरून मागवला होता. त्याचं सिंक झालं नाही, अंगणातल्या तुळशीपाशी लावायला छान पन्हाळ मात्र झाली. म्हणून मिलिमीटरमध्येच बोला.

३. जाडी किती घेऊ? जाड घेतलेलं केव्हाही चांगलंच ना?

नाही. जाडी तुमच्या हातोड्याला आणि आचेला झेपली पाहिजे.

०.९ मिमी (आपला २० गेज) हातोड्याच्या सिंकसाठी पातळ. खोलगट ठोकताना तळ ताणला जातो आणि मध्यावर पत्रा आणखी पातळ होतो. नेमकं तिथेच भांडी आपटतात. लाकडी पेटीला आतून अस्तर म्हणून बसवणार असाल तर हाच पत्रा उत्तम, कारण भार लाकूड घेतं.

१.२ मिमी (१८ गेज) हात धुण्याच्या बेसिनला पुरतो. ठोकून आलेल्या खवल्यांनी पत्र्याला ताठपणाही येतो. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर ज्याला माठारकाम म्हणतात, ती गोल ठोक्यांची नक्षी नुसती दिसायला नसते. ठोका बसला की तांबं कडक होतं आणि पातळ पत्राही अंग धरतो.

१.६ मिमी (१६ गेज) स्वयंपाकघराचा पत्रा. कुकर हातातून निसटला तरी पोचा येईल, पण लहान.

२ मिमी (१४ गेज) हौशी माणसाने घेऊ नये. ठोकायला दुप्पट वेळ लागतोच, पण खरी अडचण आचेची. तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसेक पट वेगाने पसरवतं. जोडावर धरलेली आच सगळ्या पत्र्यात वाटली जाते आणि घरगुती गॅस-टॉर्चने जोड लाल होतच नाही.

४. माझ्या मापाच्या सिंकला किती मोठा पत्रा लागेल?

गोल वाडग्यासारख्या बेसिनचं गणित सोपं आहे. व्यासाचा वर्ग अधिक खोलीच्या वर्गाची चौपट, त्याचं वर्गमूळ काढा. ती चकतीचा व्यास. १६ इंच व्यास आणि ६ इंच खोली असेल तर २५६ अधिक १४४, म्हणजे ४००. चकती २० इंचांची. वर १ इंचाची सपाट कड हवी असेल तर चकती साधारण २१.६ इंचांवर जाते, २२ कापा. २ फूट रुंदीच्या पत्र्यात ती आरामात बसते. १.६३ मिमीच्या २० इंची चकतीचं वजन सुमारे ३ किलो.

चौकोनी सिंकला मात्र पत्रा खूप जातो. २४ बाय १८ इंच, खोली ९, वर १ इंचाची कड, असं एका तुकड्यातून वळवायचं तर ४४ बाय ३८ इंचांचा तुकडा हवा. त्याचं वजन पावणेसोळा किलोच्या आसपास. आणि चार कोपऱ्यांतून १० बाय १० चे चार चौकोन कापून बाजूला पडतात, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. ते फेकू नका (प्र. १८).

५. नरम पत्रा की कडक? ठोकल्यावर कडक होणारच, मग कडकच का घेऊ नये?

ठोकल्यावर कडक होतो म्हणूनच सुरुवात नरमाने करायची. कडक पत्रा पहिल्या शंभर ठोक्यांतच दमतो, कडेला बारीक चिरा पडतात. तसं पाहिलं तर कोणताही कडक पत्रा तुम्ही घरी नरम करू शकता: अंधाऱ्या जागी मंद लाल दिसेपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं नरमच राहतं. नवशिक्यांना हे पटवायला मला दर वेळी एक पट्टी वाकवून दाखवावी लागते. पण ४ फुटी पत्रा सगळीकडे सारखा तापवणं घरच्या टॉर्चने जमत नाही. म्हणून पहिला ताव (तापवून नरम करणं) कारखान्याचा असलेला बरा. पुढे काम चालू असताना चार-पाच ताव तुम्हाला द्यावेच लागतील.

दुकानात ओळख अशी: कोपरा धरून बोटाने टिचकी मारा. कडक पत्रा खणखणतो, नरम 'थप्' करतो. बोटभर रुंदीची कापटी मागून वाकवा. नरम असेल तर वाकते आणि तशीच पडून राहते, कडक असेल तर उसळी मारते.

एक सावधगिरी. ताव जास्त झाला, पत्रा तेजस्वी नारिंगी होईस्तोवर तापला, तर आतला कण मोठा होतो आणि पुढे ठोकताना पृष्ठभाग मोसंबीच्या सालीसारखा खरबरीत होतो. खवले ठोकलेल्या सिंकमध्ये ते झाकलं जातं, गुळगुळीत हवं असेल तर नाही.

६. ईटीपी आणि डीएचपी, दोन्हींवर ९९.९ टक्के लिहिलंय. मग फरक कसला?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा.

ईटीपी हे विजेच्या कामाचं तांबं. त्यात ०.०२ ते ०.०४ टक्के ऑक्सिजन असतो, कॉपर ऑक्साइडच्या बारीक कणांच्या रूपात. तारेला, पॅनलच्या पट्टीला त्याने काही बिघडत नाही. पण तेच तांबं गॅसच्या ज्योतीत लाल केलं की ज्योतीतला हायड्रोजन धातूत शिरतो, त्या ऑक्साइडला गाठतो आणि आतल्या आत वाफ तयार होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते. ती कणाकणांच्या मधल्या रेषा फाडते. वरून पत्रा धडधाकट दिसतो. ठोका बसला की भाकरीसारखा चिरतो.

डीएचपीमध्ये ०.०१५ ते ०.०४० टक्के फॉस्फरस घालून तो ऑक्सिजन आधीच काढलेला असतो. वीज त्यातून थोडी कमी वाहते, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय? आचेला ते टिकतं. नळकामाच्या आणि एसीच्या नळ्या याच तांब्याच्या असतात, कारण त्यांनाही झाळून जोडायचं असतं.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिलंच स्वयंपाकघरातलं सिंक मी "शुद्ध तांबं आहे, डोळे मिटून घ्या" या भरवशावर आणलेल्या पत्र्याचं केलं. कोपरे गॅसवर झाळले, घासून चकचकीत केले, आणि गिऱ्हाइकाकडे न्यायच्या आदल्या रात्री पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवलं. सकाळी कागदावर रुपयाएवढा ओला डाग. तो जोडाखाली नव्हता, जोडापासून बोटभर लांब, अख्ख्या पत्र्यातून आलेला. भिंग लावलं तर केसाएवढ्या चिरांची जाळी. डाख (वितळवून भरायचा जोडधातू) ओतून बुजवली, तर शेजारी दुसरी. ते सिंक आजही शेडमागे आहे. पावसात त्यात बेडूक राहतात.

७. मी ईटीपी घेऊन बसलोय. आता भंगारात टाकू?

अजिबात नको. त्यावर लाल आच फार वेळ राहणार नाही असं काम करा. एकाच चकतीतून ठोकलेल्या बेसिनला जोडच नसतो. त्याला ताव द्यावे लागतात, तेवढे द्या, पण ज्योत गॅस जास्त झालेली, पिवळी-धुरकट नको. निळी, हवा भरपूर असलेली ठेवा, आणि लाली आली की लगेच थांबा. ईटीपीचं नुकसान आच किती आणि किती वेळ, यावर ठरतं. चौकोनी सिंक असेल तर कडा एकमेकींत अडकवून घडी घालायची, तांब्याचे रिव्हेट मारायचे आणि मऊ डाखाने फट बंद करायची (प्र. १०). मऊ डाखाला लाल आच लागत नाही.

आपल्याकडे नेमकं काय आहे हे माहीत नसेल तर कापटीवर पाहा: गॅस जास्त ठेवलेल्या ज्योतीत काही मिनिटं लाल ठेवा, विझवा, आणि पक्कडीत धरून दुमडा. दुमडीवर लगेच चिरा दिसल्या तर ईटीपी समजून चाला. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण आख्खा पत्रा वाया जाण्याआधी कळतं.

८. पत्रा खरंच तांब्याचा आहे की मुलामा, कसं ओळखायचं?

आधी चुंबक. चिकटला तर आत लोखंड आहे, विषय संपला. मग कडेला कानस मारा. मुलामा असेल तर आतून पिवळं किंवा पांढरं दिसतं. तिसरी परीक्षा पाण्याची: तुकडा ताणकाट्याला टांगून आधी हवेत, मग पाण्यात पूर्ण बुडवून वजन करा. हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. ८.९ च्या आसपास आलं तर तांबं, ८.५ च्या जवळ आलं तर पितळ. बुडवताना तुकड्याला बुडबुडे चिकटू देऊ नका, नाहीतर खरं तांबंही खोटं ठरतं.

भंगार वितळवून लाटलेला पत्रा या तिन्ही परीक्षांतून पार होतो आणि हातोड्याखाली दगा देतो. कडेला आधीच बारीक फाटे दिसत असतील, किंवा अंगावर लाटण्याच्या दिशेने लांबट पापुद्रे सुटलेले असतील, तर घेऊ नका. मोठ्या खरेदीला कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागा.

९. जाडी मोजायला मायक्रोमीटर नाही. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू?

दुकानात वजनकाटा असतोच. १ चौरस मीटर तांब्याचा १ मिमी जाडीचा पत्रा ८.९६ किलो भरतो. २ बाय ४ फुटांच्या तुकड्यासाठी लक्षात ठेवायचा आकडा ६.६६: किलोला त्याने भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये. १.६३ मिमीचा तुकडा साधारण १०.८५ किलो भरला पाहिजे. काट्यावर ९.९ दिसत असेल तर हातात १.४९ मिमीचा पत्रा आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. पत्रा किलोवर विकला जात असल्याने यात तुमचे पैसे बुडत नाहीत, फक्त काम बिघडतं.

१०. जोडाची पद्धत बदलली तर पत्रा बदलतो का?

बदलतो, आणि म्हणून आधी जोड ठरवा.

कडक डाख, म्हणजे तांबं-फॉस्फरसच्या कांडीने झाळायचं असेल, तर डीएचपी आणि किमान १.२ मिमी. ही कांडी तांब्याला तांबं जोडताना सवागीशिवायही (मळ काढणाऱ्या फ्लक्सशिवायही) चालते, कारण फॉस्फरसच मळ खातो. ७०० अंशांच्या वर आच लागते. लोखंडी पट्टीला तांबं जोडायला मात्र ही कांडी वापरू नका, जोड काचेसारखा तुटतो. तिथे चांदीची कांडी आणि फ्लक्स लागतो. चांदीची कांडी घेताना कॅडमियम नसलेली मागा. त्या धुराने माणूस दवाखान्यात जातो.

मऊ डाखाला कोणताही पत्रा चालतो, पण जोडाला घडीचा किंवा रिव्हेटचा आधार हवा. शिसं नसलेला, कथलाचा डाख घ्या. त्या सिंकमध्ये भाजी धुतली जाणार आहे. कथील २३२ अंशांवर वितळतं. उकळतं पाणी ओतलं तर काही होत नाही, पण चुलीवरून उतरवलेली तेलाची कढई थेट कोपऱ्यात टेकवू नका.

टिग वेल्डिंगला डीएचपीच घ्या आणि पत्रा १.६. स्टीलवर टिग करणारे गोव्यात पुष्कळ, तांब्यावर हात बसलेला क्वचित. त्याच्याकडून आधी कापटीवर करून घ्या.

११. घरात आजीचं भाण आहे, घंगाळ आहे. ते कापून सिंक करता येईल?

येईल. पण आधी एकदा विचारतो: नक्की कापायचंय? बुडाला भोक पाडून, वेस्ट कपलिंग (पाणी खाली जायची जोडणी) बसवून अख्खं घंगाळ बेसिन म्हणून ठेवता येतं, आणि ते जास्त सुंदर दिसतं.

कापायचंच असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली कल्हई. आतून पांढरट थर असेल तर तो काढल्याशिवाय ताव देऊ नका. लाल आचेला कथील तांब्यात मुरतं आणि त्या जागा ठिसूळ होतात. जुन्या कल्हईत शिसंही असू शकतं, म्हणून घासताना तोंडाला मास्क लावा आणि पूड अंगणात उडवू नका. दुसरी गोष्ट जुना जोड. जुन्या भाणाच्या अंगावरून बोट फिरवलं तर दातांसारखी नागमोडी पिवळी रेघ लागते: दोन्ही कडांना दाते कापून, एकमेकांत बसवून, पितळेने झाळलेला जोड. तो ठोकायला घेऊ नका, कापताना बाजूला राहू द्या. जुन्या पत्र्याची जाडी दर वितीवर वेगळी असते. बूड जाड, खांदा पातळ. त्यामुळे प्र. ९ मधलं वजनाचं गणित इथे लागू पडत नाही.

१२. तांबं महाग पडतंय. पितळेचं सिंक केलं तर?

करता येतं, पण पितळ ठोकून तसंच ठेवलं तर पुढे तडकू शकतं. याचा एक किस्सा आहे. ब्रिटिश अमलात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, म्हणून त्या रोगाचं नावच 'सीझन क्रॅकिंग' पडलं. कारण पुढे १९२१ मध्ये स्पष्ट झालं: काडतुसं तबेल्यांत ठेवलेली, हवेत घोड्यांच्या मुताचा अमोनिया, आणि घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण. न्हाणीघरातल्या बेसिनला अमोनियावाली साफसफाईची औषधं लागणारच. म्हणून पितळेचं बेसिन पुरं झाल्यावर २५०-३०० अंशांवर तासभर ठेवून ताण काढावा लागतो. ती सोय नसेल तर तांबंच घ्या.

काशाचं विचारू नका. ते थंड ठोकता येत नाही.

१३. आतून कल्हई करून घेऊ का?

नको. कल्हई अन्न कळकू नये म्हणून असते. आंबट आमटी भांड्यात तासन् तास राहते, सिंकमध्ये नाही. काथ्याने घासून ती झिजेल आणि चट्टे दिसतील.

१४. घर समुद्राजवळ आहे. तांबं हिरवं पडणार नाही का? त्यासाठी वेगळा पत्रा मिळतो का?

वेगळा पत्रा नाही. घराच्या आतलं, रोज धुतलं जाणारं सिंक हिरवं होत नाही. ते आधी गुलाबी-तपकिरी, मग गडद होत जातं. हिरवा जंगाल ओल साठून राहते तिथे धरतो: नळाच्या बुडाशी, साबणाच्या वडीखाली, कडेच्या फटीत. खारी हवा त्याला घाई करते. गच्चीवरच्या, उघड्यावरच्या सिंकला तो येणारच, आणि मला विचाराल तर तिथे तो शोभतोही.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जांभ्या दगडातलं पाणी बहुधा किंचित आंबट असतं. नळ ठिबकत असेल तर त्याखाली निळसर-हिरवी रेघ उमटते. दोष पत्र्याचा नाही. नळाचा वायसर बदला.

१५. आमच्याकडे रोज नुस्तं (मासळी), सोलं, चिंच. डाग पडतील ना?

पडतील. सोलाचं पाणी सांडलं की तेवढ्या जागी तांबं लखलखीत गुलाबी होतं. चवथीच्या आधी चिंचेने समया-तांबे घासता, तेच इथे नको त्या जागी होतं. आठवडाभरात तो ठिपका पुन्हा गडद होतो. माशाच्या खारट पाण्याचं तसं नाही, ते रात्रभर राहिलं तर हिरवट कड धरते; ओटा आवरताना सिंक धुऊन पुसून घ्या. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड तांब्यापासून लांब.

एकसारखा रंग हवाच असेल त्यांनी महिन्याला मधमाशीचं मेण चोळावं. लॅकर मी देत नाही: एकदा ओरखडा गेला की त्या रेघेखालून काळं पसरत जातं आणि मग सगळं खरवडावं लागतं.

१६. तांब्याने जंतू मरतात हे खरं का?

खरं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या पृष्ठभागांना तशी अधिकृत नोंदणी दिली; ठरावीक जिवाणू दोन तासांत ९९.९ टक्क्यांहून जास्त मरतात. मात्र पृष्ठभाग स्वच्छ आणि उघडा हवा. मेण, लॅकर, साबणाचा थर आला की तांब्याचा स्पर्शच होत नाही. सिंक घासायचं सोडू नका.

१७. सिंक बसवताना पत्र्याला कशाचा त्रास होतो?

खरं तर उलट. तांब्यामुळे शेजारच्याला त्रास होतो. जीआयचा ब्रॅकेट किंवा ॲल्युमिनियमची पट्टी ओल्या जागी तांब्याला लागली की तो ब्रॅकेट किंवा पट्टीच गंजून खाल्ली जाते. पितळी स्क्रू, स्टेनलेस ब्रॅकेट आणि मध्ये रबर. वेस्ट कपलिंग पितळी घ्या, आणि ते हातात आल्यावरच भोक पाडा. माप ऐकून पाडलेलं भोक मोठं झालं तर पत्रा परत जोडता येत नाही.

कडेला सिलिकॉन लावताना ट्यूबचा वास घ्या. शिर्क्यासारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याला हिरवं करतं. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा. आणि कड ग्रॅनाइटमध्ये घट्ट ठोकून बसवू नका. ६० सेंटिमीटरचं सिंक गार पाण्यावरून उकळत्यावर गेलं की अर्धा मिलिमीटरहून जास्त वाढतं.

१८. भाव रोज बदलतो म्हणतात. केव्हा घ्यावा? आणि तुकडे उरतात त्यांचं काय?

तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारावर हलतो, त्यात डॉलर. आपण काही सट्टा खेळत नाही. काम असेल तेव्हा घ्या, आणि वर १८ टक्के जीएसटी धरा. भाव सांगताना तो करासहित की कराशिवाय, कापाईसहित की कापाईशिवाय, हे विचारा.

पावसाळ्यात घेतलात तर दोन पत्र्यांमध्ये कोरडा कागद घालून, जमिनीपासून वर, उभा ठेवा. ओले पत्रे एकमेकांवर पडून राहिले तर सावल्यांसारखे डाग पडतात. घामट हाताचा ठसासुद्धा चार दिवसांनी उमटतो.

तुकडे भंगारात गेले तर पत्र्याच्या भावाने जात नाहीत. ते जपून ठेवा, पुढच्या प्रश्नासाठी.

१९. मी कधीच तांबं ठोकलेलं नाही. थेट सिंकपासून सुरुवात करू?

प्र. ४ मधल्या चौकोनी सिंकचे चार १० इंची कोपरे आठवतात? प्रत्येकातून १० इंचांची चकती निघते, आणि १० इंचांच्या चकतीतून ८ इंच व्यासाचा, ३ इंच खोल वाडगा, तेच सूत्र. पत्रा तोच, जाडी तीच, ताव तोच. चारपैकी पहिला वाकडाच होईल. दुसऱ्यावर जोडाची आच वापरून बघा, पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा.

आवाजाचं मात्र घरच्यांना आधी सांगा. दुपारी झाडावर टुक् टुक् करणाऱ्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो ते उगाच नाही. तो दमला की थांबतो. तुमच्या शेजाऱ्यांना तुमच्याबद्दल तशी खात्री नसेल. आम्ही एक ते चार हातोडा बंद ठेवतो.